जिंकला तो झेरॉक्सवाला

मार्च 2017 मध्ये इंटरनेटच्या वापरात अँड्रॉइडने विंडोजला जगभर मागे टाकलं, असं वेबचा वापर मोजणाऱ्या स्टॅटकाउंटर कंपनीने जाहीर केलं, तेव्हा पंडितांनी डेस्कटॉपच्या तेराव्याची तयारी सुरू केली. नायगावात त्याचं सोयरसुतक कुणालाच नव्हतं. इथला माणूस तिकिटापासून मासळीच्या पैशांपर्यंत सगळं मोबाईलवर उरकतो. विरार लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसली, तरी अंगठा हलवायला असते. पण उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरायची वेळ आली, की स्टेशनबाहेरचं झेरॉक्सचं दुकान गाठायचं. तिथे विंडोज 7 अजून राबतंय. मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 लाच त्याच्या डोक्यावरचा हात काढला, हे बिचाऱ्याला कुणी सांगितलेलं नाही. मोबाईलमधली पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपने दुकानदाराकडे जाते, तिची प्रिंट निघते, तिच्यावर सही होते आणि मग ती पुन्हा स्कॅन होते! मोबाईल आणि डेस्कटॉपची अशी सरमिसळ खुद्द मायक्रोसॉफ्टनेही करून पाहिली: 2012 साली विंडोज 8 आणून डेस्कटॉपला मोबाईलचे कपडे घातले, स्टार्टचं बटणही काढलं. वर्षभरात ते परत लावावं लागलं. भांडण मोबाईल आणि डेस्कटॉपचं, गल्ला मात्र झेरॉक्सवाल्याचा. जाताना सुटे पैसे न्या. क्यूआर कोड चिकटवलेला आहे, पण आत रेंज येत नाही.