पलीकडची किल्ली

"पलीकडची आली का गो परत?" काकूंनी सूप गडग्यावर टेकवलं आणि पावट्याच्या शेंगा सोलायला घेतल्या. गडग्यावर सूप टेकलं की अर्धा तास गेला समजायचं. मी मुकाट्याने नळ बंद केला.

"नाही काकू. फेब्रुवारीत येते म्हणाल्या ताई. तेव्हा तिकडे शेतं जाळायला लागतात, मग एप्रिलपर्यंत धुराने समोरचा डोंगर दिसत नाही. शिवाय मार्चएंडला त्यांना इथे असावंच लागतं."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"चियांग माई. थायलंडच्या उत्तरेला."

"चौसष्ट वर्षांची बाई! अन् करत्ये काय तिथे?"

"इथल्या तीन दुकानांचे हिशेब. लॅपटॉप उघडायचा नि लिहायचे. डिजिटल नोमॅड म्हणतात याला."

"विंचवाचं बिऱ्हाड म्हण की सरळ!" काकूंनी एक किडका दाणा वहाळाकडे भिरकावला.

मला हसू आलं, कारण या बिऱ्हाडाची सुरुवात आमच्याच गडग्यावर झाली होती. 2021 च्या 22 जुलैला वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली. आमची वाडी उंचावर, म्हणून वाचली. पोस्टातून निवृत्त झालेल्या ताई ओळखीतल्या एका दुकानाची रोजकीर्द लिहून द्यायच्या. पाणी ओसरल्यावर त्या पोतं भरून चोपड्या घेऊन आल्या. ऊन पडलं तसं आम्ही तिघींनी त्या या चिऱ्यांवर उघडून ठेवल्या. पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरून जांभळा चिखल झालेला. काकूच सुईने पानं सोडवत होत्या.

"आठवतंय ना काकू? तेव्हा शेठना तुम्हीच म्हणालात, आता हिशेब असा ठेवा की पाण्याला सापडू नये."

"म्हटलं असेन. थायलंडात नेऊन ठेवा असं नव्हतं म्हटलं!"

त्यानंतर ताई साठीत टॅली शिकल्या. एकाची तीन दुकानं झाली. हिशेब संगणकावर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण कुठे बसलोय याचं दुकानदाराला काहीच सोयरसुतक नाही. त्याला अकरा नि वीस तारीख सांभाळली म्हणजे झालं. अकराला जीएसटीचं विक्रीचं विवरण, वीसला कर भरून दुसरं. ताई आपली तिकिटं पंचांग बघून काढत नाहीत, या दोन तारखा बघून काढतात. एकवीसला निघायचं, दहाच्या आत कुठेतरी बस्तान बसवायचं. पहिला पावसाळा म्हैसूरला काढला. मग हे थायलंड.

"पण तिथलं सरकार बरं राहू देतं?"

"व्हिसाच आहे तसा. 2024 च्या जुलैत सुरू केलाय त्यांनी. पाच वर्षांचा. एका वेळी 180 दिवस राहता येतं. वयाची वीस वर्षं पूर्ण हवीत, वरची मर्यादा नाही. खात्यात पाच लाख बात दाखवायचे, आपले तेरा लाखांच्या पुढे जातात."

"तरीच! म्हटलं पोस्टातून मिळालेले पैसे घातले कुठे हिने."

"घातले नाहीत काकू, नुसते दाखवले."

काकूंना हे पटलं नाही. दाखवलेला पैसा खर्चच होतो, असं त्यांचं मत आहे. मग त्यांनी खरा मुद्दा काढला. "आणि पुण्याला लेक-सून आहेत, नातू आहे. तिकडे जाऊन राहायचं सोडून?"

"राहतात की. मे महिना तिथेच असतात."

काकू थोडा वेळ बोलल्या नाहीत. सुपातले दाणे एका कडेला सारून म्हणाल्या, "मी गेल्ये होत्ये ना न्यू जर्सीला, सुनेच्या बाळंतपणाला. सहा महिने. आल्यावर सगळे विचारायचे, अमेरिका कशी? काय सांगू? स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारा एक मेपल नि तळघरातलं कपड्यांचं मशीन. मला कोणी नोमॅड म्हटलं नाही हो."

यावर काय बोलणार? चार शेंगा मीही सोलल्या.

"बरं, दुखलंखुपलं तर?" काकू पुन्हा मूळपदावर आल्या.

"रक्तदाबाच्या गोळ्या इथून नेल्यात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आपला इथला मेडिक्लेम बहुतेक करून बाहेरच्या देशात चालत नाही, म्हणून प्रवासाचा विमा वेगळा काढलाय. साठी ओलांडली की त्याचा हप्ता चढतो, आणि जुन्या दुखण्याला तो किती धावून येईल हे बारीक अक्षरात वाचावं लागतं. ताईंनी भिंग घेऊन वाचलं."

"पेन्शन?"

"हयातीचा दाखला नोव्हेंबरात देऊनच निघाल्या. इथेच, ओटीवर बसून, मोबाईलवरून. मी बघत होते ना. फोनचा कॅमेरा चेहरा बघतो नि डोळे मिचकवायला सांगतो. मिचकवले की तुम्ही हयात."

"आणि नाही मिचकवले तर?"

"ताईंना तीनदा मिचकवावे लागले. चष्मा काढल्यावर जमलं."

काकू खुदकन हसल्या. बाई पाघळल्यात असं बघून मी वीस तारखेची गोष्ट काढली, कारण ती सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहत नव्हती.

डिसेंबरची वीस. दुपारी दीडला ताईंचा व्हॉट्सअॅपवर फोन. तिकडे तीन वाजलेले, ते दीड तास पुढे. आवाज रडकुंडीला आलेला. विवरण भरून तयार, पण शेवटचा ओटीपी जातो दुकानाच्या मालकाच्या मोबाईलवर. तो दहा मिनिटांत घातला नाही तर फुकट. आणि चिपळुणात दुपारी दीडला कुठला दुकानदार फोन उचलतो? जेवून आडवा झालेला. तारीख चुकली तर दिवसाला पन्नास रुपये विलंब शुल्क, वर कराच्या रकमेवर 18 टक्क्यांनी व्याज.

"मग?"

"मग काय, आमच्या ह्यांना ताटावरून उठवलं नि स्कूटरवर पिटाळलं. शेठ माडीवर झोपलेले, फोन खाली चार्जिंगला. पहिला ओटीपी वाया. दुसरा आला तेव्हा शेठना चष्मा सापडेना. ह्यांनी वाचून दाखवला तर रस्त्यावरच्या टेंपोच्या हॉर्नमध्ये ताईंना सहाचा आठ ऐकू आला. तिसऱ्याला जमलं. ह्यांचं वरण निवून गेलं."

"म्हणजे बाई तिथे, नि पळतोय तुझा नवरा!"

"तेच तर. त्यांच्या खोलीच्या फोटोत सगळं दिसतं. लॅपटॉप, कॉफी, मागे हिरवा डोंगर. आमची स्कूटर दिसत नाही."

काकूंनी मान डोलावली. चाळीस वर्षं मराठी-संस्कृत शिकवलेली बाई, दाखला त्यांच्यापाशी असतोच. "पंडिता रमाबाईंचे वडील गो, अनंतशास्त्री डोंगरे. उतारवयात घर सुटलं. मग बायकोपोरांना घेऊन तीर्थांतीर्थांतून पुराणं सांगत पायी फिरायचे, त्यावर पोट. जिथे जाऊ तिथे काम. तुझ्या त्या नोमॅडसारखंच. पण मागे घर उरलं नव्हतं, माणूस उरलं नव्हतं. दुष्काळ आला नि नवराबायको दोघंही त्यात गेली. फिरणं वाईट नव्हे. मागे कोणी नसणं वाईट."

"ताईंच्या मागे आपण आहोत ना."

"आहोत म्हणजे? किल्ली तुझ्याकडे, तुळशीला पाणी तू घालत्येस, विजेचं बिल तू भरत्येस. हे तिने मांडलंय का कुठे तिच्या टॅलीत?"

मांडलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर मीही कधी मागितलं नव्हतं. ह्यांच्या बायपासच्या वेळी बारा दिवस माझ्या घरात चूल ताईंनी सांभाळली होती. त्याचीही नोंद कुठे नाही.

काकूंनी सूप उचललं, अर्धे पावटे माझ्या ओंजळीत घातले आणि जाता जाता, पाठमोऱ्याच, म्हणाल्या, "माझा तो पासपोर्ट गो, मुदत संपून गेलीय. नवा करायचा तर रत्नागिरीलाच जावं लागतं का?"

"विचारते ताईंना."

"तिला सांगू नको मी विचारलं म्हणून."

पावटे घरात ठेवून मी पलीकडची किल्ली घेतली नि तुळशीला पाणी घालायला निघाले. फोनही बरोबर घेतला. आज अकरा तारीख होती.