एकशिक्षकी इंजिन

‘त्यात काय आहे!’ हे मराठीतलं सगळ्यांत महागडं वाक्य असावं. घराला रंग काढणं, चारशे माणसांचा घरच्या घरी स्वयंपाक करणं, अशी कितीतरी कामं या वाक्याने सुरू होतात आणि उसनवारीने संपतात. जुन्या फोक्सवागन बीटलच्या एअर-कूल्ड इंजिनाबद्दल हेच वाक्य जगातल्या यच्चयावत भाषांत बोललं गेलं आहे, आणि त्याला आधारही आहे. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होजपाइप नाहीत. वायरी आणि नळ्या सोडवून चार बोल्ट काढले की इंजिन गिअरबॉक्सपासून सुटतं, जॅकवर बसून गाडीखालून निमूट बाहेर येतं. इथवर सगळं खरं. फसगत पुढे आहे. पहिल्यांदाच इंजिन बांधायला बसलेला माणूस ‘भाग कमी’ याचा अर्थ ‘काम कमी’ असा लावतो. माझं म्हणणं असं की यंत्रातून भाग काढता येतो, त्याचं काम काढता येत नाही. ते शेजारच्या भागाच्या गळ्यात पडतं, आणि त्यालाही झेपेनासं झालं की मालकाच्या.

आपल्याकडची एकशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणा. शिक्षक एकच आहे म्हणून चार इयत्तांची एक होत नाही. तोच शिकवतो, तोच घंटा देतो, तोच खिचडीचा हिशेब लिहितो, आणि निवडणूक आली की मतदार याद्याही त्याच्याच डोक्यावर. बीटलमध्ये ही नोकरी जनरेटरकडे आहे. त्याच्या दांड्याच्या एका टोकाला पुली, दुसऱ्या टोकाला इंजिन गार ठेवणारा पंखा. पट्टा तुटला की लाल दिवा लागतो. ‘बॅटरीचं बघू नंतर’ म्हणून जो पुढे जातो, त्याचं इंजिन भाजून निघतं. थंडाव्याचं उरलेलं काम तेलाकडे. आणि तेल किती, तर जेमतेम अडीच लिटर. ते गाळायला फिल्टर नाही, नुसती जाळी. मग फिल्टरचं काम कोणी करायचं? दर पाच हजार किलोमीटरला तेल बदलून मालकाने. सिलिंडर चार, आणि त्यात तिसरी इयत्ता कायम तापलेली. कारण ऑइल कूलर नेमका तिच्या हवेच्या वाटेत उभा. आधी तेलाला गार करून कोमट झालेला वारा तिच्या वाट्याला. म्हणून काही डिस्ट्रिब्यूटरांत तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी मुद्दाम किंचित उशिरा पाडलेली असे. 1971च्या मॉडेलपासून कूलर बाजूला काढला गेला. तोवर तिसरीने सोसलं.

एवढं समजलं की इंजिनाभोवतीचे ते वाकडेतिकडे पत्रे कशाला आहेत हे कळतं. नवशिक्याला ते सजावट वाटतात. गंजलेत, बसत नाहीत, राहू देत. पण पाण्याविना चालणाऱ्या इंजिनात ते पत्रेच रेडिएटर असतात. एक पत्रा आणि भोवतीची रबरी पट्टी वगळली, की खालून तापून आलेली हवा पंखा पुन्हा आत ओढतो. आंघोळीचं पाणी परत बंबात ओतावं तसं.

खरी परीक्षा इंजिन मिटवताना. क्रँककेस म्हणजे मॅग्नेशियम मिश्रधातूचे दोन अर्धे, एकमेकांवर बसवायचे, आणि दोघांमध्ये पॅकिंग नाही. सीलंटचा पातळ हात, बस्स. डाव्या अर्ध्यात क्रँक ठेवायचा. त्याच्या चारपैकी तीन मेन बेअरिंगा अखंड कड्या आहेत, आणि प्रत्येकीचं भोक केसमधल्या बारीक पिनेवर बरोबर उतरलं पाहिजे. भोक दिसत नाही, पीनही दिसत नाही. अंधारात कडी लावतात तशी बेअरिंग हळूहळू फिरवत राहायची, टक् करून बसेपर्यंत. न बसता नट आवळले तर पीन बेअरिंगच्या पाठीत रुतते. कॅमच्या गिअरवरचा एक ठिपका क्रँकच्या गिअरवरच्या दोन ठिपक्यांमध्ये यायला हवा. वरच्या अर्ध्यातले टॅपेट उलटं करताच गळून पडतात, म्हणून ग्रीस चोपडून धरायचे. तिकडे सीलंट वाळत असतं. पुढे फ्लायव्हील: क्रँकला मागेपुढे सरकायला मोकळीक 0.07 ते 0.13 मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा हिशेब. त्यासाठी मागे तीन चकत्या. दोन घालून मोजायचं, तिसरीची जाडी वजाबाकीने काढायची. आणि हे नाजूक गणित सुटलं की त्याच फ्लायव्हीलचा 36 मिलिमीटरचा नट मीटरभर पाइपच्या टोकाला तीस किलो लटकवावेत इतक्या जोराने आवळायचा. सोनार आणि हमाल, दोघांनाही एकाच माणसाच्या अंगात वस्तीला यावं लागतं.

यावर कोणी म्हणेल, अवघड असतं तर 2003पर्यंत दोन कोटी पंधरा लाखांवर बीटल निघाल्या असत्या का? निघाल्या, पण त्या ‘त्यात काय आहे’वर निघाल्या नाहीत. 1960च्या ‘लेमन’ या गाजलेल्या जाहिरातीत कंपनीनेच सांगितलं होतं की वोल्फ्सबुर्गला रोज तीन हजार गाड्या तयार होतात आणि तपासनीस आहेत 3,389. गाडीमागे एक तपासनीस, वर तीनशे एकोणनव्वद राखीव! घरी बांधणाऱ्याकडे तपासनीस म्हणून तो स्वतः आणि दर अर्ध्या तासाने ‘झालं का?’ विचारणारी घरची मंडळी. दुसरा आक्षेप जॉन म्यूरच्या 1969च्या पुस्तकाचा. फोक्सवागन जिवंत ठेवण्याचं हे पुस्तक त्याने उपशीर्षकातच अट्टल मूर्खांसाठी असल्याचं जाहीर केलं. तेव्हा मूर्खालाही जमतं, असा युक्तिवाद. पण मूर्खासाठी एवढं जाडजूड पुस्तक लागत असेल तर काम कोणाचं वाढलं? शिवाय म्यूर स्वतः इंजिनिअर होता.

तिसरा आक्षेप मात्र मला मोडता येत नाही. हल्लीच्या गाडीचं बॉनेट उघडलं की प्लॅस्टिकचं झाकण दिसतं, त्याखाली आणखी एक. तिथे मूर्खाला शिरकावच नाही. त्या मानाने बीटलचं इंजिन माणसावर नको इतका विश्वास टाकतं. तो विश्वास लोकांना सुखावतो, आणि म्हणून लोक नखांत काळं घेऊन शनिवार-रविवार तिथे बसतात. हे मला मान्य आहे. फक्त त्याला सोपं म्हणू नये.

कारण इंजिन सुरू झालं म्हणजे सुटलो, असंही नाही. सुरुवातीच्या काहीशे किलोमीटरनंतर तेल पुन्हा बदलायचं, वॉल्व्हची फट पुन्हा 0.15 मिलिमीटरवर आणायची. ती फट इंजिन पूर्ण गार असतानाच मोजायची, म्हणजे गाडी रात्रभर उभी हवी. पहाटे चहाच्या आधी फीलर गेज घेऊन मालक गाडीमागे उकिडवा बसतो, पहिला सिलिंडर, दुसरा, मग तिसरा. शाळेला दुसरा शिक्षक मिळालेला असतो, बिनपगारी.