सैल नखाचे प्रकरण : कलमवार मार्गदर्शन

रत्नागिरीत राहून ज्याच्या अंगठ्याला जांभ्या चिऱ्याची ठेच लागली नाही, तो एक तर पाळण्यात असावा किंवा कालच बोटीतून उतरला असावा. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण रचणारा पुरुष कोकणातला खासच नव्हे. येथे मागचा गृहस्थ पुढच्याची फजिती पाहण्यात इतका निमग्न असतो, की पाखाडीच्या त्याच शेवाळलेल्या पायरीवर तोही आपले नख उचकटून घेतो. अशा उभयतांच्या हितार्थ पुढील कलमे.

कलम १ : प्रथमोपचार. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली साबणाने तांबडी माती धुऊन काढावी, रक्त थांबेपर्यंत स्वच्छ फडके दाबून धरावे आणि पाय उशीवर उंच ठेवावा. हळद, दगडीपाला व रॉकेल घेऊन धावत येणाऱ्या आप्तांचा चहा देऊन सत्कार करावा. त्यांचे औषध मात्र सादर परत करावे.

कलम २ : बेदखली मना. सैल नख हे जुने कूळ होय; कूळकायद्यामुळे १ एप्रिल १९५७ पासून कुळाच्या वाटेस जाताना खोतही दहादा विचार करतो, तेथे आपण नख उपटण्याची घाई का करावी? जेवढे सुटून कपड्यांत अडकते तेवढेच कापावे, उरलेले खालच्या कोवळ्या कातडीवर नांदू द्यावे, आणि व्हॅसलीन लावून बांधलेली पट्टी रोज बदलावी.

कलम ३ : वरिष्ठांकडे रुजुवात. नखाखाली रक्त साकळून ठणक्याने झोप उडाली, पू दिसला, बोट वाकडे झाले, किंवा रोगी मधुमेही असला, तर घरची पंचायत बरखास्त करून तडक डॉक्टरांपुढे हजर व्हावे. नखाला छिद्र पाडून रक्त मोकळे करण्याचा अखत्यार त्यांचा आहे, शिवणाच्या सुईचा नव्हे. जखमेत माती गेली असून धनुर्वाताची लस घेऊन ५ वर्षे उलटली असल्यास तेही त्यांच्या कानी घालावे.

कलम ४ : मुदत. अंगठ्याचे नख महिन्याला सुमारे दीड मिलिमीटर वाढते व पुरते उगवण्यास १२ ते १८ महिने घेते. पिढीजात दावे चालविणाऱ्या रत्नागिरीकरास ही मुदत म्हणजे केवळ पहिली तारीख होय.

कलम ५ : चौकशी. ‘काय हो, लंगडता कशापायी?’ असे प्रत्येक पडवीतून विचारले जाईल. त्यास ‘चिरा’ एवढेच उत्तर द्यावे. कारण सविस्तर हकीकत सांगितल्यास विचारणारा स्वतःच्या अंगठ्याची त्याहून थोर हकीकत सांगू लागतो, आणि ती संपेतो आपणांस दुखऱ्या पायावर उभे राहावे लागते.