ऑफिस सुटतं किती वाजता?

भाचीला हिंजवडीत नोकरी लागली. ऑफर लेटरसोबत एक फॉर्म आला: ठरलेली वेळ हवी की लवचीक? तिने फोन केला, "मावशी, फ्लेक्झीच घेते ना? सकाळी ट्रॅफिक ओसरल्यावर आरामात निघता येईल." मी म्हटलं, आधी विचार, ऑफिस सुटतं किती वाजता? ती म्हणाली, "ते कसं सांगणार? फ्लेक्झी आहे ना!"

आपल्याकडे शाळा सुटते, गाडी सुटते, ऑफिसही सुटतं. लवचीक वेळेचं ऑफिस भरतं केव्हाही, पण सुटतं केव्हा हे कोणी सांगत नाही. सगळे विचारतात, उशिरा किती वाजेपर्यंत आलेलं चालेल. लवकर किती वाजता निघालेलं चालेल, हे विचारणारा अजून मला भेटलेला नाही. तुम्हाला ही वेळ मानवेल की नाही, ते तुमच्या संध्याकाळवर ठरतं.

मी दोन वर्षं या वेळेवर काम केलं. डोंबिवलीहून सकाळी आठची फास्ट सोडली आणि साडेदहानंतरची धरली. बसायला जागा, क्वचित खिडकीही. वीस वर्षं दारात लोंबकळल्यावर त्या जागेची किंमत मला कोणी सांगायला नको. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसं पडून मेली, त्यानंतर तर नकोच. गर्दी पांगावी म्हणून मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने 2023 च्या नोव्हेंबरपासून आपल्या कार्यालयात दोन वेळा ठेवल्या, 9.30 ते 5.45 आणि 11.30 ते 7.45, आणि इतर आस्थापनांनाही वेळा बदलायची विनंती केली. हे योग्यच झालं. पण नीट पाहा: दोन्ही वेळांना शेवट आहे. 5.45 म्हणजे 5.45.

माझ्या ऑफिसात तसा शेवट नव्हता. साडेअकराला येणारी म्हणून संध्याकाळी साडेसातची मीटिंग माझी. सकाळी नऊला येणारे साहेब लोक मेल टाकायचे ते नऊलाच, आणि उत्तर दहापर्यंत हवं असायचं. मी दोन्हीकडे पुरी पडत होते. वहीत मांडलं तेव्हा दिवस अकरा तासांचा निघाला.

लवचीक वेळेची पद्धत गाजली पश्चिम जर्मनीत, म्युनिकजवळच्या ओटोब्रून इथल्या एका विमान कंपनीत, 1967 साली. सगळे एकाच वेळी यायचे आणि रस्त्यावर गाड्यांची कोंडी व्हायची, म्हणून उपाय शोधला. मधले काही तास सगळे हजर, अलीकडचे-पलीकडचे तास ज्याचे त्याने ठरवायचे, आणि एकूण तासांची नोंद. तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. आपल्याकडे त्यातली दुसरी तेवढी घेतली. नोंदच नसेल तर तास मोजणार कोण?

आणि मोजायला हवेत, कारण तासांवर हक्क आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली; जादा कामाला दुप्पट दर. रोजची मर्यादा 10 तासांवर न्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये घेतला. मर्यादा वाढत चालली असताना तर हजेरी जास्त जपायला हवी. शिवाय व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय पदांना हा कायदा लागू नाही. तेव्हा तेविसाव्या वर्षी कोणी 'मॅनेजर' केलं तर पेढे वाटण्याआधी आपले तास कोणत्या नियमात बसतात ते बघा.

आता घराकडे. बाई उशिरा कामाला जाते म्हटलं की तिची सकाळ घराच्या मालकीची होते. गॅसचा सिलिंडर, बँकेतली सही, सोसायटीच्या टाकीची साफसफाई, सासऱ्यांची रक्ततपासणी. "तू असतेसच ना घरी." केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला 289 मिनिटं वेळ जातो असं दिसलं, पुरुषांचा 88. हे आकडे ज्या घरात जसेच्या तसे आहेत, तिथे लवचीक वेळ बाईला आणखी वाकवते. म्हणून एचआरला विचारण्याआधी नवऱ्याला विचारा: सकाळचे दोन तास मोकळे झाले तर ते कोणाचे? उत्तर देताना तो घुटमळला, तर ठरलेली वेळ घ्या. नऊला दार ओढून घेता येणं ही फार मोठी सोय आहे.

आणखी एका बाईबद्दल सांगायचं आहे. आमच्याकडे स्वयंपाकाला ताई यायच्या, सकाळी साडेसहाला. मी उशिरा जायला लागल्यावर त्यांना म्हटलं, उद्यापासून साडेनऊला या. त्यांची पाच घरं होती, माझं पहिलं. साडेनऊला त्या तिसऱ्या घरी पोळ्या लाटत असायच्या. एकाचे कुकर, दुसऱ्याचे डबे, तिसऱ्याच्या पोळ्या, असं त्यांचं वेळापत्रक रेल्वेइतकं घट्ट होतं आणि त्यावर त्यांच्या मुलाची फी भरली जात होती. त्यांनी माझं घर सोडलं. साडेसहा ते साडेसात हा तास पुन्हा भरायला त्यांना तीन महिने लागले. मला हे आधी सुचायला हवं होतं. आपली वेळ सैल होते तेव्हा कोणाची तरी मोडते: पाळणाघरातल्या बाईंची, रिक्षावाल्या काकांची, डबेवाल्याची. ठरवताना त्यांनाही धरा.

कोणी घ्यावी, तेही स्पष्ट सांगते. वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, त्याने घ्यावी, आजच. तान्हं मूल असलेल्या आईने आणि बापानेही. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने आईला रजेनंतर घरून काम करायची वाट दिली, पण ती मालकाशी बोलून ठरवायची असते. न बोलता मिळत नाही. रात्रीच्या कॉलेजात शिकणाऱ्यानेही घ्यावी. कारण या सगळ्यांना वाचलेला तास कुठे घालायचा ते नक्की माहीत आहे.

पहिली नोकरी असणाऱ्याने मात्र घेऊ नये. शेजारच्या टेबलावरच्या सीनियरने फोनवर गिऱ्हाईक कसं शांत केलं, हे ऐकायला त्याच वेळी तिथं असावं लागतं. चुकलेली शीट कोणीतरी मान वळवून बघतं, दोन मिनिटांत दुरुस्त करून देतं. ते सगळे गेल्यावर आपण रात्री आठला एकटे बसलो तर शिकवणार कोण? भाचीला मी हेच सांगितलं. पहिलं वर्ष सगळे असतात तेव्हा जा. ट्रॅफिकचा त्रास होईल, होऊ दे.

आणि ज्यांनी ही वेळ आधीच घेतली आहे, त्यांनी दोन आठवडे एवढंच करावं: लॅपटॉप मिटला ती वेळ रोज कॅलेंडरवर लिहावी, ऑफिसचा शेवटचा फोन आला ती त्याखाली. दोन आठवड्यांनी तो कागद घरच्यांसमोर ठेवावा. दोन वेळांत रोज दोन तासांचं अंतर दिसलं, तर ते घेऊन साहेबांकडे जा आणि सुटायची वेळ मागा. तोंडी हो म्हणाले तर मेलवर मागा.