जाता जाता : सायकलवरून बाजार आणण्याची सशास्त्र पद्धत

सायकलवर किती ओझं लादता येतं हे कॅरिअरच्या लोखंडावर आणि मागच्या टायरमधल्या हवेवर ठरतं, असा नवशिक्यांचा समज असतो. तो त्यांनी पहिल्या पंधरवड्यातच सोडून द्यावा. सायकलची वहनक्षमता ठरते ती 'जाता जाता' या दोन शब्दांवर.

"अरे, मंडईत निघालास ना? मग जाता जाता एवढा ब्लाउज शिंप्याकडे टाक." शिंपी मंडईच्या वाटेवर नसतो. तो बरोबर उलट्या दिशेला असतो, आणि त्याच्या शेजारी चपला शिवून ठेवलेल्या असतात, त्याही 'येता येता' घ्यायच्या असतात. मोटारवाल्याला हे कोणी सांगत नाही, कारण त्याचं पेट्रोल जळतं. सायकलवाल्याचं नुसतं रक्त आटतं, आणि रक्ताचा भाव रोज सकाळी सहाला बदलत नाही.

मी गेली तीस वर्षं पुण्याच्या पेठांतून सायकलवर बाजार आणतो आहे. पुढील मार्गदर्शन त्या अनुभवावर आधारलेलं आहे. ते वाचून कोणी सायकल घेतलीच, तर पहिले सहा महिने ती इमारतीत कोणाच्या दृष्टीस पडू देऊ नये.

वाहन कोणतं असावं याबद्दल शास्त्रात दुमत नाही. काळी, उंच, दांड्याच्या ब्रेकची, अठ्ठावीस-दीडच्या टायरची, जिला लोक 'दूधवाल्याची सायकल' म्हणून नाक मुरडतात, तीच. रिकामी असतानाच ती वीसेक किलो भरते, त्यामुळे ओझं वाहण्याचा सराव सामान चढण्याआधीच सुरू होतो. माझ्या भाच्याची सायकल याच्या नेमकी उलट. एकवीस गियर आहेत. कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, स्टँड नाही, घंटीही नाही. तिला मोजलेल्या पैशांत आमचा सहा महिन्यांचा किराणा आला असता, पण तो आणायला तिचा काडीचा उपयोग झाला नसता. तिच्यावरून मेथीची जुडी आणायची तर ती दातांत धरावी लागेल. माझी ॲटलास आहे. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला बंद पडला, आणि ३ जून हा जागतिक सायकल दिन. हे मी सायकलला अजून सांगितलेलं नाही.

आता साधनं. सुतळी बाळगू नये. ती दुकानदारासमोर घट्ट असते आणि पहिला गतिरोधक लागला की माहेरी आल्यासारखी सैल होते. रंगीत, दोन टोकांना आकडे असलेल्या लवचीक दोऱ्याही मिळतात. त्यांचा आकडा निसटला की तो आधी डोळ्याचा वेध घेतो. त्यापेक्षा सायकलच्या दुकानात जाऊन, पंक्चरं काढून काढून थकलेली एखादी ट्यूब मागावी. दुकानदार ती फुकट देतो, फक्त "कशाला पाहिजे?" हे विचारून घेतो. ती उभी चिरून बोटभर रुंदीच्या पट्ट्या कराव्यात. ही पट्टी ताणली की बसते, बसली की धरते, आणि तिला गाठ मारावी लागत नाही. शेवटचं टोक आधीच्या वेढ्याखाली खोचलं की झालं. एक पट्टी जास्तीची ठेवून ती ब्रेक दाबून हँडलभोवती आवळावी. सामान चढवताना स्टँडवरची सायकल आपल्याला सोडून पुढे निघून जात नाही.

पिशव्या कापडी. २०१८च्या प्लास्टिकबंदीनंतर दुसरा इलाजही नाही. पण कापडी पिशवी शिवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खांदा असतो, हँडल नसतं. त्यामुळे बंद लांबलचक असतात आणि हँडलला अडकवलेली पिशवी थेट पुढच्या चाकाशी सलगी करायला उतरते. म्हणून बंदांना हँडलभोवती दोन वेढे द्यावेत. मी एकदा कंटाळा करून एकच दिला. पिशवीत वांगी होती. चाकाच्या तारांनी दोन वांग्यांचं भरीत तिथल्या तिथे करून दिलं. भाजायचं तेवढं राहिलं.

मंडईत शिरण्यापूर्वी सायकल कुठे लावली ते मनाशी दोनदा घोकावं. १८८६ साली मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडलेली आणि पुढे महात्मा फुल्यांचं नाव मिळालेली ही इमारत सायकलच्या चाकासारखी आहे : मधे अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून आऱ्यांसारख्या फाकलेल्या पाखा. एका पाखेतून आत गेलेला माणूस भाव विचारत विचारत भलत्याच पाखेतून बाहेर पडतो, समोर आपली सायकल नाही हे बघतो, आणि त्याच्या काळजाचा ठोका चुकतो. सायकल जागेवरच असते. हरवलेला असतो तो माणूस.

खरेदी यादीच्या क्रमाने करू नये, वजनाच्या क्रमाने करावी. कांदे-बटाटे आधी, कॅरिअरवर, सीटला अगदी चिकटवून. ते मागे सरकले की चढावर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल नुसतं हात ठेवायला उरतं. मग हँडलच्या दोन बाजू. त्या सारख्या वजनाच्या हव्यात, आणि इथे भौतिकशास्त्र आणि स्वयंपाकघर यांची जुंपते. यादीत असतात दोन किलो टोमॅटो आणि पाव किलो मिरच्या. एका बाजूला टोमॅटो, दुसरीकडे मिरच्या अडकवून निघालात तर सायकल सबंध लक्ष्मी रस्ता टोमॅटोंच्या मताने चालते. केवळ तोल साधावा म्हणून मी पावणेदोन किलोचा लाल भोपळा घरी नेलेला आहे. "भोपळा कोणी सांगितला होता?" या प्रश्नाला "डावी बाजू हलकी होती" हे उत्तर आमच्याकडे अद्याप ग्राह्य धरलं गेलेलं नाही.

(मुंबईचे डबेवाले १८९०पासून या भौतिकशास्त्राच्या नाकावर टिच्चून डबे वेळेवर पोचवतात आणि सायकलच्या हँडलला दोन्हीकडे झुंबरासारखे डबे लटकवून गर्दीतून निघून जातात. त्यांच्याकडे बघून शिकू नये. लता मंगेशकरांची ध्वनिमुद्रिका ऐकून कोणी न्हाणीघरात गायला लागतं, तसं होतं ते.)

कोथिंबीर सर्वांत शेवटी आणि सर्वांत वर. अंडी असतील तर तांदळाच्या पिशवीत पुरावीत. धक्काही बसत नाही आणि श्रावणात पहिल्या मजल्यावरच्या काकूंना दिसतही नाहीत.

इथवरचं सगळं बालवाडीचं. सायकलवाल्याची मॅट्रिक म्हणजे दळण.

दळणाचा डबा म्हणजे पंधरा किलो तेलाचा तो चौकोनी पत्र्याचा डबा, वर झाकण बसवलेला. त्यात गहू बाराएक किलो मावतात. पण मावतात म्हणून भरू नयेत. गव्हाचं पीठ झालं की वजन तेवढंच राहतं, किंबहुना गिरणीचा वाटा म्हणून चिमूटभर कमीच होतं, पण पीठ फुलतं. काठोकाठ गहू घेऊन गेलेला गृहस्थ परतताना डबा भरून उरलेलं पीठ वर्तमानपत्राच्या पुड्यात घेऊन येतो, आणि अग्रलेखाची पोळी खातो. म्हणून नऊ किलोच न्यावेत. गिरणीवाला डबा चारदा जमिनीवर आपटून पीठ बसवतो. राहिलेलं काम रस्ता करतो. आमच्या गिरणीपासून घरापर्यंत सहा गतिरोधक आहेत आणि खड्डे मोजायचे मी सोडून दिले आहेत. घरी झाकण उघडावं तर पीठ चार बोटं खाली बसलेलं असतं. खड्ड्यांचा हा एवढाच सार्वजनिक उपयोग मला आजवर सापडला आहे.

गिरणीत पोचल्यावर डबा रांगेत ठेवण्याआधी पुढच्या डब्यात काय आहे ते विचारावं. घरून निघताना "बाजरीवर घालू नका हं, गव्हावरच घाला" अशी ताकीद मिळालेली असते, आणि बाजरी तिथे नेमकी आपल्या पुढे असते. अशा वेळी मागच्या माणसाला "तुम्ही जा पुढे" असं मोठेपणाने म्हणावं. त्याची ज्वारी असते. मग आणखी थांबावं. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तर भाजणीची रांग लागते; तेव्हा धन्या-जिऱ्याचा वास नाकात घेत अर्धा तास उभं राहणं हीच मजुरी समजावी.

आता खरी अडचण, जी कोणत्याही पुस्तकात दिलेली नाही. डबा कॅरिअरवर उभा बांधला की सीटपेक्षा वर येतो, आणि मग मागून टांग टाकता येत नाही. पाय पुढून, दांडीवरून न्यावा लागतो. विशीत हे लक्षातही येत नाही. पन्नाशीनंतर त्यासाठी फुटपाथची कड शोधावी लागते, सायकल थोडी आपल्याकडे कलती करावी लागते, गुडघा छातीपर्यंत आणावा लागतो, आणि हे सगळं चहाच्या टपरीसमोर करावं लागतं, कारण कड तिथेच असते. टपरीवरची मंडळी गप्प होऊन बघतात. कोणी मदतीला येत नाही. सल्ला मात्र येतो. "काका, आधी उजवा घ्या."

चढणं तरी जाणीवपूर्वक होतं. घात होतो तो उतरताना. घर आलं, मन निवांत झालं, की पाय चाळीस वर्षांच्या सवयीने आपला आपण मागे जातो. माझा गेला होता. डबा, मी आणि सायकल असे तिघे फाटकात आडवे झालो, झाकण उडालं, आणि मी उठून उभा राहिलो तेव्हा खंडोबाची जेजुरी झाली होती, फक्त भंडाऱ्याचा रंग पांढरा. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून काकूंनी विचारलं, "आमच्याही डब्याचं सांडलं का रे?" कारण त्यांचंही दळण मी जाता जाता नेलं होतं.

सणासुदीच्या वस्तूंना वेगळे नियम आहेत. केरसुणी लक्ष्मी आहे, ती कॅरिअरवर आडवी बांधू नये. मागच्या प्रत्येक माणसाला पाय लागल्याचा नमस्कार करावा लागतो. कलिंगड गोल असल्याने कोणत्याही पट्टीचं ऐकत नाही. ते जाळीच्या पिशवीत घालून दांडीला टांगावं आणि दोन्ही गुडघ्यांनी आळीपाळीने टोला खात घरी यावं. पिकलंय का हे वाजवून बघण्याचे श्रम वाचतात.

गुढीचा बांबू मात्र विचार करून आणावा. तो दांडीला समांतर बांधायचा, म्हणजे पुढे दोन-तीन हात आणि मागेही तेवढाच राहतो. सरळ रस्त्यावर हे भालदारासारखं रुबाबदार दिसतं. सिग्नलला थांबल्यावर मला मागे कोणीतरी धरल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर बांबूचं मागचं टोक एका रिक्षात शिरलं होतं आणि आत बसलेल्या आजोबांनी ते मांडीवर घेऊन शांतपणे धरून ठेवलं होतं. मी क्षमा मागू लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"केवढ्याला घेतलात?"

मी आकडा सांगितला. दिवा हिरवा झाला. त्यांनी बांबू अलगद बाहेर काढून दिला आणि म्हणाले, "फसवलं तुम्हाला."

गणपती सायकलवरून आणू नये. मूर्तीचं तोंड रुमालाने झाकून, मांडीवर घेऊन, रिक्षाने आणावी, आणि रिक्षावाल्याला "सावकाश हो" असं दर वळणावर म्हणावं. दूर्वा, केवडा, मखराचा थर्माकोल बंद झाल्यापासूनचे पुठ्ठे, पाच फळं, नारळ, आणि ऐनवेळी आठवलेला कापूर हे मात्र सगळं सायकलवरूनच येतं, त्याच दिवशी, चार फेऱ्यांत.

पंक्चरबद्दल विस्ताराने लिहिण्यासारखं काही नाही. ती ओझं असतानाच होते. उतरावं आणि चालावं. सायकल हातात धरून चालणाऱ्याला एकेरी रस्ता उलटा जाता येतो, हा लाभ मोजावा.

एक बाब राहिली. डिसेंबरात दळण संध्याकाळचं आणावं. जात्यातून निघालेलं पीठ गरम असतं, डबाही गरम होतो, आणि तो सीटला चिकटवून बांधलेला असल्याने स्वेटरच्या खालून थेट कमरेला लागतो. नदीवरच्या पुलावर समोरून गार वारा, मागे ऊन ऊन डबा. मी त्या पुलावर पायडल मारायचं मुद्दाम मंद करतो. कारण विचारलं तर पीठ हलू नये म्हणून, असं सांगावं.

काल असाच आलो. पाय पुढूनच काढला, डबा सोडला, पट्ट्या गुंडाळून हँडलला अडकवल्या. वरून आवाज आला.

"अरे, निघालास का? मग जाता जाता..."

"निघालो नाहीये काकू. आत्ता आलोय."

गॅलरीत क्षणभर शांतता.

"हो का? बरं मग, वर येता येता आमचा पाण्याचा पंप चालू कर."