पाण्यासाठी विनंती बदली

काटोलच्या माणसाने कोणता छंद लावून घ्यावा यावर कुणाचं बंधन नाही. पण फेसाळत्या पाण्यात कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची होडी, घालण्याचा असेल, तर त्याने आधी जाम नदीची परिस्थिती पाहावी. जाम वर्षातले बरेच महिने नदीच्या हुद्द्यावर असते, कामावर नसते. पावसाळ्यात मात्र सगळी थकीत कामं दोन-चार दिवसांत उपसते आणि जलालखेड्याकडे वर्धेला जाऊन मिळते.

तेव्हा कयाक काढावी म्हणाल, तर पूर वेगळा आणि फेसाळतं पाणी वेगळं. आम्हाला उतार हवा, खडक हवेत आणि खडकामागे दम खायला निवांत पाणी हवं. इकडच्या पुरात मिळतात कुंपणाच्या तारा, बाभळी आणि बंधारे. आडव्या पडलेल्या बाभळीतून पाणी पलीकडे जातं, माणूस अलीकडेच अडकतो. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी वरून सज्जन दिसतं, पण खाली गोल फिरून सापडलेल्याला पुन्हा पुन्हा भिंतीकडेच ओढतं. शिवाय ३० जुलै १९९१ ला वर्धेच्या पुराने शेजारच्या नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये दोनशेहून अधिक माणसं नेली. ज्यांनी ते पाणी पाहिलं त्यांना ‘मी पाण्यात खेळायला जातो’ असं सांगताना माझी जीभ अजून अडखळते.

माझी कयाक जीपच्या टपावरून उतरली तेव्हा शेजारचे काका तिच्याभोवती फिरले आणि म्हणाले, “पुरासाठी सरकारनं देल्ली काय? आमचं नाव लिहून ठेवजो.” ती मी स्वतःच्या पैशाने घेतली हे कळल्यावर त्यांनी किंमत विचारली, आणि मग बराच वेळ काहीच विचारलं नाही.

तर अशा माणसाने राहावं कुठे? मी बँकेत आहे, आणि बँकेत विनंती बदलीचा अर्ज करता येतो. त्यात ठिकाणाचा रकाना असतो आणि कारणाचा. मी ठिकाण भरलं : कोलाड, जिल्हा रायगड. व्यवस्थापकसाहेबांनी चष्मा वर केला.

“सासुरवाडी आहे का?”

“नाही. कुंडलिका आहे.”

साहेबांनी उठून दार लोटलं. “वहिनींना माहीत आहे?”

कुंडलिका ही नदी आहे हे पटवायला मला मुळशीपासून सुरुवात करावी लागली. मुळशीचं पाणी मुळात पूर्वेला, भीमेकडे जाणारं. टाटांनी धरण बांधून ते सह्याद्रीतून पश्चिमेला वळवलं आणि १९२७ पासून ते भिऱ्याच्या वीजघरात उतरतंय. ज्यांच्या जमिनी या धरणात गेल्या, त्यांच्यासाठी सेनापती बापट १९२१ पासून लढले आणि तुरुंगात गेले. कोलाडला रबरी तराफ्यात बसून किंचाळणाऱ्या पर्यटकाला हे कुणी सांगत नाही, सांगायला हवं. वीज करून झाली की ते पाणी सकाळी कुंडलिकेत सुटतं. म्हणून भर मे महिन्यात, महाराष्ट्रभर टँकर फिरत असताना, कोलाडला नदी खळाळत असते. मुंबईत लोकांनी एसी लावावेत आणि आमची कयाक चालावी, असा हा व्यवहार आहे.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्यातला बँकवाला जागा झाला. “पाणी सकाळी सुटतं ना? काउंटर किती वाजता उघडतं?”

घरी येऊन मी कॅलेंडर काढलं. ऋषीकेशची गंगा पावसाळ्यात बंद. उघडते पाऊस ओसरल्यावर, आणि तेव्हाच काटोलात आंबिया बहाराची संत्री तोडायला येतात, व्यापारी नोटांची पुडकी घेऊन काउंटरवर उभे असतात. पुन्हा मार्चमध्ये जावं, तर मार्चमध्ये बँकेतला माणूस स्वतःच्या लग्नालासुद्धा जात नाही. केरळात कोळिकोडजवळच्या नद्या जुलैत भरतात. तिथे मलबार रिव्हर फेस्टिव्हलला देशोदेशीचे कयाकवाले जमतात तेव्हा मी खरिपाच्या पीककर्जाचे सातबारे तपासत असतो. दांडेलीची काळी नदी सुपा धरणाच्या मर्जीवर. उरली बारमाही कुंडलिका, आणि तिची नि बँकेची वेळ एकच. म्हणजे कोलाडला बदली घेऊन मी करणार काय? खिडकीतून तराफेवाल्यांची जीप जाताना बघणार आणि पासबुकं छापणार.

तिकडे गाइड म्हणून काम करणाऱ्या एका पोराने फोनवर आणखी हवा काढली. तो नदीकाठीच राहतो, रोज पाण्यात असतो, पण पाणी असेपर्यंत तराफ्यात माणसं असतात, आणि माणसं गेली की पाणीही जातं. स्वतःची कयाक त्याने शेवटची कधी काढली हे त्याला आठवेना.

अर्ज मी दिला नाही. नदीजवळचं घर शोधणारे नकाशा बघतात. माझ्या मते रजेचं रजिस्टर बघावं. मार्च आणि संत्र्यांचे दिवस सोडले तर काटोलात साहेब रजा देतात, आणि ऋषीकेशच्या वाटेवरच्या दिल्लीच्या गाड्या इथूनच जातात. बहुतेक थांबत नाहीत, पण दिशा तर बरोबर आहे.

सरावाला मामांचं शेततळं आहे. उलटी झालेली कयाक कमरेच्या झटक्याने आणि वल्ह्याने सरळ करायची, याला रोल म्हणतात, आणि त्याला नदी लागत नाही. पहिल्याच दिवशी मी डोकं खाली करून पाण्याखाली वल्हं लावतोय तोच सालगड्याने उडी घेतली. मी सरळ वर आलो, तो तळ्याच्या काठाच्या प्लॅस्टिकवरून घसरून आत गेला, आणि त्याला दोर टाकून काढताना मामांनी जे शब्द वापरले त्यात ‘कयाक’ एवढाच छापण्यासारखा होता.

आता मामांनी अटी घातल्या आहेत. काठावर दोर बांधलेला पाहिजे, सालगड्याला आधी सांगितलं पाहिजे, आणि डिसेंबरात बाग ताणावर असताना, म्हणजे बहारासाठी संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडलेलं असताना, हवं तेवढं उलटं व्हा. ताण तोडायच्या दिवशी मोटर लागायच्या आत बाहेर. “झाडायले पानी पाह्यजे भाऊ,” ते म्हणाले, “तुले त नुसतं उलटंच व्हायचं हाय.”