अधिसेविकेपर्यंतची वाट

परिचारिकेची बढती रुग्णाच्या खाटेपाशी सुरू होते आणि तिला त्या खाटेपासून जमेल तितके दूर नेते. जीएनएम पदविकेची ३ वर्षे किंवा बीएस्सी नर्सिंगची ४ वर्षे विद्यार्थिनी दिवा हाती धरून शपथ घेते, कोपरे न बिघडवता चादर अंथरते आणि चुकले ते सगळे स्वतःच्या खाती जमा करून घेते. मग परिचर्या परिषदेत नोंदणी आणि सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिकेचे पद. इथे सलाईन, इंजेक्शने, रात्रपाळी आणि नातेवाइकांचा संताप, सगळे एकाच हाताने पेलायचे असते. हात सराईत झाला की त्याला सुईऐवजी पेन मिळते. बढतीने परिसेविका, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख, झालेल्या बाईंकडे वॉर्डाच्या किल्ल्या, औषधांचा साठा, ड्युटीचा तक्ता आणि डेडस्टॉक रजिस्टर येते. त्यातला फुटका थर्मामीटर कागदोपत्री निकाली काढणे तापकऱ्याला बरे करण्याहून अवघड. पुढे सहायक अधिसेविका, शेवटी अधिसेविका: स्वतंत्र खोली, फेरी आणि बैठका. सेवाज्येष्ठता आणि रिक्त पद यांची गाठ पडेपर्यंत बहुतेकींचे निवृत्तीचे, म्हणजे ५८ वे, वर्ष दारात उभे असते.